फोन कुणाचा, हे कोण विचारणार?

'एफआरपी काढणारी दहा सर्वोत्तम टूल्स' अशा नावाचे लेख इंटरनेटवर इतके आहेत की ती एक स्वतंत्र वाङ्मयीन परंपराच वाटावी. तिचे नियमही ठरलेले. आधी दोन परिच्छेद सहानुभूती: तुम्ही फोन रिसेट केलात, जुना जीमेल आठवत नाही, घाबरू नका. मग यादी. यादीत पहिल्या नंबरावर असलेलं टूल बहुतेक वेळा ज्या कंपनीच्या साइटवर आपण ती यादी वाचतोय, त्याच कंपनीचं असतं. दुसऱ्या कंपनीच्या साइटवर जा, तिथे तिचं पहिलं आणि हिचं चौथं. प्रत्येकाखाली फायद्या-तोट्यांचा तक्ता. पहिल्या नंबरवाल्याचा तोटा काय, तर 'फक्त कम्प्युटरवर चालतं'. मुलाखतीत 'माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करतो' असं सांगणारा उमेदवार असतो ना, तितकाच हा प्रामाणिकपणा.

मी या याद्यांवर चिडलोय, आणि चिडण्याचा मला थोडाफार हक्क आहे. तालुक्याच्या गावातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरमागे मी तीन वर्षं बसलोय. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन, आणि चौथं नेहमीचं काम हेच. आमच्याकडे एफआरपी कुणी म्हणत नाही. 'जीमेल लॉक पडलंय' म्हणतात, जशी वीज पडते तसं. त्यात खरंही आहे काही, कारण ज्याच्यावर पडतं त्याला ते का पडलं हे बहुधा माहीत नसतं.

माझं म्हणणं असं की या टूल्सचं मूल्यमापन चुकीच्या पट्टीने चाललंय. किती मॉडेल उघडतं, किती मिनिटांत, किती रुपयांत, एवढंच विचारलं जातं. फोन कुणाचा, हे टूल विचारत नाही. परीक्षण लिहिणारा विचारत नाही, यूट्यूबवरचा भाऊ विचारत नाही. आणि ज्यांनी विचारायला हवं, विचारण्याची सोय ज्यांच्याकडे आहे, त्या कंपन्यांनी हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या काउंटरवर ढकलून दिलाय.

हे कुलूप आलं कुठून, ते आधी सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत फोन हिसकावण्याचे प्रकार इतके वाढले की तिथले सरकारी वकील आणि पोलिस फोन कंपन्यांच्या मागे लागले: चोरलेला फोन विकताच येणार नाही असं काहीतरी करा. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणलं. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की १ जुलै २०१५ पासून बनलेल्या आणि तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये अशी सोय हवी. गूगलने मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत आपलं कुलूप दिलं, तेच हे फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. आज आमच्या बाजारपेठेत पाच-सात हजारांचा फोन घेणाऱ्या माणसालाही ते मिळतं. त्याने मागितलेलं नसतं, आणि विकताना त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

चालतं कसं? फोनच्या साठवणीत एक छोटा कप्पा असतो. फॅक्टरी रिसेटने बाकी सगळं पुसलं जातं, हा कप्पा नाही. फोनवर कुठलं गूगल खातं होतं याची खूण त्यात असते. तुम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन, आपला पिन टाकून रिसेट केलात तर फोन समजतो की हा मालकच, आणि ती खूण काढून टाकतो. पण बंद फोनची बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केलात तर खूण तशीच राहते. फोन सुरू होतो, वायफाय मागतो, आणि मग अडून बसतो: आधीचं खातं सांग, नाहीतर आधीचा स्क्रीन लॉक सांग.

हे कुलूप चांगलं आहे आणि ते असायलाच हवं. चोराला आपल्या फोटोंशी काही घेणं नसतं, त्याला फोन विकायचा असतो. विकत घेणाऱ्याला फोन चालू करता आला नाही तर चोराच्या हातात उरतो फक्त डिस्प्ले आणि बॅटरी, म्हणजे सुट्या भागांचा भाव. एवढं तरी हे कुलूप करतं. मला राग आहे तो त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या धंद्याचा, आणि त्या धंद्याला जागा करून देणाऱ्यांचा.

धंद्याकडे येऊ. या याद्यांमधलं सगळ्यात निर्लज्ज वाक्य म्हणजे 'डेटा न गमावता एफआरपी काढा'. नीट विचार करा. एफआरपीचा पडदा दिसतो तोच मुळी रिसेट झाल्यानंतर. डेटा तेव्हाच गेलेला असतो, आणि गेलेला म्हणजे कायमचा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधला मजकूर एन्क्रिप्ट करणं सक्तीचं आहे. रिसेट होताना त्या एन्क्रिप्शनची किल्लीच फेकून दिली जाते. मागे उरतो तो निव्वळ कचरा, जो कुठल्याही टूलला वाचता येत नाही. तेव्हा 'डेटा न गमावता' म्हणजे जळून गेलेल्या घराचं दार आतल्या फर्निचरला धक्का न लावता उघडून देतो म्हणणं. वाक्य खोटं ठरवता येत नाही, कारण आत फर्निचरच नाही.

हे भाषेचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण एक मुलगा आमच्याकडे आला होता. वडील वारलेले. त्यांच्या फोनचा पॅटर्न कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून एका नातेवाइकाने बटणं दाबून फोन 'मोकळा' केला. मग लॉक पडलं. मुलाने असाच एक लेख वाचून ऑनलाइन पैसे भरून टूल घेतलं, कारण तिथे लिहिलं होतं की डेटा जाणार नाही. त्याला वडिलांचे व्हॉइस मेसेज हवे होते. टूल चाललं नाही म्हणून तो आमच्याकडे आला होता, आणि फोन आम्ही उघडून दिल्यावर त्याने सगळ्यात आधी गॅलरी उघडली. मी त्याला फोन हातात घेण्याआधीच सांगितलं होतं की आत काही नसणार. पण छापील अक्षरांवर माणसाचा विश्वास असतो, समोरच्या कारागिरावर तेवढा नसतो. स्क्रीन लॉक आणि एफआरपी ही दोन वेगळी कुलुपं आहेत. पहिलं लागलेलं असताना डेटा जिवंत असतो, दुसरं लागतं तेव्हा तो गेलेला असतो. एवढं एक वाक्य त्या लेखात असतं तर त्याचे पैसे वाचले असते. ते वाक्य तिथे नसतं, कारण दोन्ही कुलुपांची भीती एकाच दुकानात विकायची असते.

दुसरं वाक्य: 'यशाचं प्रमाण ९९ टक्के'. कशाचे ९९ टक्के? कुठल्या फोनवर, कुठल्या महिन्यात? ही टूल्स ढोबळमानाने दोन प्रकारे काम करतात. एक म्हणजे सेटअपच्या पडद्यात राहून गेलेली एखादी फट शोधायची आणि तिथून आत शिरायचं. या फटी गूगल आणि फोन कंपन्या सिक्युरिटी पॅचमधून बुजवत असतात. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन फोन एकाच दिवशी काउंटरवर आले, तर जुन्या पॅचचा उघडतो आणि दोन महिने नव्या पॅचचा ढिम्म हलत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. दुसरा प्रकार चिपच्या पातळीवरचा. फोन सुरू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो तो चिपमध्येच कोरलेला असतो. त्यात दोष सापडला तर तो अपडेटने बुजत नाही, फोन संपेपर्यंत राहतो. पण तो ठराविक चिपपुरताच असतो. म्हणजे निकाल ठरतो तो फोनची चिप कोणती आणि पॅच कधीचा यावर. टूलच्या नावावर तो क्वचितच ठरतो. त्यातून अँड्रॉइड १५ मध्ये गूगलने हे कुलूप बरंच घट्ट केलंय. आधी सेटअपचा पडदा कसाबसा चुकवला की काम झालं असायचं. आता तो चुकवला तरी जुनी ओळख पटेपर्यंत नवं खातं जोडता येत नाही, नवा पिन लावता येत नाही, ॲप टाकता येत नाही. डेव्हलपर सेटिंगमधल्या ओईएम अनलॉकिंगच्या बटणाची जुनी पळवाटही बंद झाली.

अशा परिस्थितीत प्रामाणिक परीक्षण करायचं तर ते चिप, पॅच आणि तारीख यांचं कोष्टक असेल, आणि पुढच्या महिन्यात शिळं होईल. 'सर्व ब्रँड, सर्व मॉडेल' असं लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं. तरी तो लिहितो, कारण वाचणारा रात्री अकरा वाजता बंद पडलेला फोन मांडीवर घेऊन बसलाय, हेही त्याला ठाऊक असतं.

'मोफत डाउनलोड' हा शब्दप्रयोग तर मला लोकगीतासारखा पाठ झालाय. डाउनलोड मोफत असतं. फोन जोडला की टूल त्याचं नाव ओळखून दाखवतं, एक निळी पट्टी सरकते, आणि ऐन मोक्यावर पैसे भरण्याचा पडदा येतो. चाललं नाही तर पैसे परत, असंही लिहिलेलं असतं. परत मागताना कुठला स्क्रीनशॉट पाठवायचा, किती दिवसांत, इंग्रजीतून कुणाला लिहायचं, ते नियम अटींच्या पानावर.

आमच्या धंद्यातली टूल्स निराळी. ती डोंगलवर नाहीतर सभासदत्वावर चालतात, काही ठिकाणी क्रेडिट विकत घ्यायचे, काही लोक आपलं लॉगिन तासांवर भाड्याने देतात. ती बहुधा चालतातही. पण ज्याला परवडत नाही तो क्रॅक शोधतो, आणि क्रॅकसोबत येणाऱ्या सूचनांची पहिली ओळ जवळजवळ नेहमी एकच असते: अँटीव्हायरस बंद करा. आता तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान डोळ्यांसमोर आणा. त्याच कम्प्युटरवर झेरॉक्सचं काम, पोलिस भरतीचे फॉर्म, विमा, पॅन कार्ड. डेस्कटॉपवर दोनशे लोकांच्या आधारच्या पीडीएफ, नावासकट. तिथे कुठल्या तरी टेलिग्राम चॅनेलवरून उतरवलेला, अँटीव्हायरस झोपवून चालवलेला प्रोग्राम पूर्ण परवानगीनिशी बसतो. लॉक एकाच्या फोनचं निघालं, आणि बाकी दोनशे जणांचं काय झालं हे कुणी कधी तपासलं? टूलच्या एकाही परीक्षणात हा रकाना मी पाहिलेला नाही.

आता लोकांकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

शहरातल्या काही शहाण्यांना वाटतं की एफआरपी काढून मागणारा तो चोरच. त्यांनी आमच्या काउंटरवर एक आठवडा बसावं. येणाऱ्यांत बहुतेक जण आपल्याच फोनच्या बाहेर अडकलेले असतात. एक मावशी आठवतात, धुणीभांडी करणाऱ्या. चार वर्षांपूर्वी फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत त्यांचं जीमेल काढून दिलं होतं, कारण प्ले स्टोअर चालायला ते लागतं. पत्ता त्याने ठरवला, पासवर्डही त्यानेच. कुठे लिहून दिला नाही. मावशींच्या दृष्टीने 'जीमेल' हे फोन विकत घेताना करायचं एक कर्मकांड होतं, टेम्पर्ड ग्लास लावतात तसं. मग फोन हँग व्हायला लागला, भाच्याने यूट्यूब बघून बटणं दाबली, लॉक पडलं. खातं परत मिळवायला ओटीपी कुठल्या नंबरवर जाणार? तर तेव्हाच्या सिमवर. ते रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेलं. मावशींकडे बिल होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या आत घडी करून ठेवलेलं, त्यावर फोनचा पंधरा आकडी आयएमईआय स्वच्छ छापलेला. खोक्यावरही तोच. फोन त्यांचा असल्याचा याहून मोठा पुरावा काय असतो? पण तो पुरावा घेऊन जायचं कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गूगलला बिल कळत नाही, त्याला पासवर्ड कळतो.

म्हणजे आपल्याकडे या कुलपाने मालक ओळखायची खूण धरलीय ती ईमेल. आणि ईमेल ही ज्यांच्या आयुष्यात खरी वस्तू आहे, म्हणजे कॉलेज, नोकरी, बँकेची स्टेटमेंटं, त्यांना ती खूण पटकन दाखवता येते. ज्यांना फोन म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि योजनेच्या केवायसीचा ओटीपी, त्यांना नाही. चोराला अडवायला लावलेल्या दारात सगळ्यात जास्त वेळ या मावशी उभ्या असतात.

आणि तरीही. त्याच काउंटरवर संध्याकाळी एक जण येतो, पिशवीत पाच फोन. खोकं नाही, बिल नाही, चार्जरही नाही. पाचही लॉक. 'गावाकडच्या पाहुण्यांचे आहेत.' पाहुणे भलतेच विसरभोळे. मावशींचा फोन आणि हे पाच, टूलसमोर सहाही सारखेच. तीच केबल, तीच पट्टी, शेवटी तीच हिरवी अक्षरं. आमच्या दुकानात असे फोन परत जातात, कारण मालक जुना माणूस आहे आणि त्याच्याकडे एक वही आहे. नाव, मोबाइल नंबर, आयएमईआय, बिलाचा फोटो, सही. वही म्हटलं की पिशवीवाला निघून जातो. तो कुठे जातो हे मला ठाऊक आहे: दोन गल्ल्या पलीकडे, जिथे वही नाही.

म्हणून टूलचं मूल्यमापन करायचं तर मी एकच रकाना सगळ्यात वर ठेवीन. फोन उघडण्याआधी हे टूल आयएमईआय चोरीच्या यादीत आहे का हे बघतं का? मालकीचा काही पुरावा मागतं का? काम केल्याची नोंद कुठे राहते का? मी हाताळलेल्या एकाही टूलला या रकान्यात गुण मिळत नाहीत. बाकी वेग, किंमत, मॉडेलांची संख्या यांवर कितीही तारे द्या.

यावर ठरलेलं उत्तर असतं: सुरी बनवणाऱ्याला विचारता का की कांदा चिरणार की गळा? ही उपमा इथे लागू नाही. योग्य उपमा कोपऱ्यावर बसणाऱ्या चावीवाल्याची. तोही कुलूप उघडून देतो, आणि तो चोर नसतो. पण त्याला घरी बोलावलंत तर तो बघतो, शेजारी बाहेर येऊन 'काय हो, किल्ली हरवली का' म्हणतात की नाही. शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं तर तो हत्यारं गोळा करतो. ही त्याची खबरदारी त्याच्या धंद्याचा भाग असते. एफआरपी टूलने चावीवाल्याचं कसब तेवढं उचललं, खबरदारी टाकून दिली, आणि वर 'फक्त स्वतःच्या फोनसाठी वापरा' अशी एक बारीक अक्षरातली ओळ चिकटवून हात झटकले.

दुसरं उत्तर: चोर काहीतरी करून उघडणारच, मग नियमांचा जाच गरिबालाच. अर्धं खरं आहे. पण चोरीच्या फोनची किंमत ही उघडायला किती त्रास पडतो यावर ठरते. तीनशे रुपयांत कुठल्याही गल्लीत, न विचारता उघडून मिळतो म्हणून तो फोन हजारोंना विकला जातो, आणि म्हणून पुढचा फोन लोकलच्या दारातून हिसकावला जातो. हिसकावताना माणूस पडतो कधी कधी. हा खर्च टूलच्या किमतीत धरलेला नसतो. फौजदारी बाजूही आहेच: चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि लॉक काढूनही फोन नेटवर्कवर बंदच राहिला तर पुढची पायरी आयएमईआय बदलण्याची असते. त्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे दोन वेगळे धंदे आहेत असं टूलवाले म्हणतात. मग एकाच सॉफ्टवेअरच्या शेजारशेजारच्या दोन टॅबमध्ये ते का असतात?

पण टूलवाल्यांना शिव्या देऊन थांबणं म्हणजे सोपं गिऱ्हाईक पकडणं. त्यांचा बाजार कुणी तयार केला? ज्या मालकाकडे बिल आहे, खोकं आहे, ओळखपत्र आहे, त्याच्यासाठी सरळ, जाहीर, स्वस्त रस्ता न ठेवणाऱ्या कंपन्यांनी. काही कंपन्यांची अधिकृत केंद्रं मूळ बिल पाहून हे लॉक काढून देतात, म्हणजे किल्ली अस्तित्वात आहे. पण ती सोय आहे हे सांगणारी मराठी पाटी मी एकाही केंद्रात पाहिलेली नाही. एका केंद्रात मी स्वतः मावशींसोबत गेलो, जिल्ह्याच्या गावी, बस बदलून. तिथल्या मुलाने बिलाकडे न बघता सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाचा खर्च फोनच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त. कुठली कंपनी ते सांगत नाही, कारण दुसऱ्या केंद्रात वेगळं झालं असतं याची मला खात्री नाही. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, 'तुमच्याकडेच तीनशेत होतंय ना, मग इथं कशाला आणलं?' तीनशे रुपयांचा आणि वही नसलेला रस्ता हा असा जिंकतो.

आणि कंपन्यांना अशक्य असं मी काही मागत नाहीये. निम्मी यंत्रणा सरकारने उभी केलेलीच आहे. हरवलेल्या फोनचे आयएमईआय ब्लॉक करणारी केंद्रीय नोंदवही, सीईआयआर, तिचा प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला तो आपल्याच महाराष्ट्रात. मे २०२३ पासून ती संचार साथीच्या रूपाने देशभर आहे. पोलिस तक्रारीची प्रत जोडून कुणीही आपला हरवलेला फोन तिथे ब्लॉक करू शकतो. म्हणजे एखादा आयएमईआय चोरीचा म्हणून नोंदवलेला आहे का, हे एका एसएमएसमध्ये कळतं. दुकानाच्या जीएसटी बिलावर आयएमईआय असतो. मग सर्व्हिस सेंटरने बिल बघावं, ओळखपत्र बघावं, यादी तपासावी, आणि त्या जुन्या जीमेलवर एक निरोप पाठवावा: अमुक फोनचं कुलूप काढण्याची मागणी आली आहे, सात दिवसांत हरकत घ्या. खरा मालक दुसराच असेल तर तो हरकत घेईल. मावशींच्या खात्यावर तो निरोप कुणी वाचणारच नाही, आठव्या दिवशी फोन उघडेल. खोटी बिलं तयार होतील, म्हणता? होतील. पण खोट्या बिलावर एक दुकान असतं, एक जीएसटी नंबर असतो, समोर कॅमेऱ्यात एक चेहरा असतो. टूलच्या हिरव्या अक्षरांमागे यातलं काहीच नसतं.

ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल आहेत. दुरुस्तीचा हक्क म्हटलं की आपल्याला स्क्रू आणि सुटे भाग आठवतात. स्वतःच्या, पूर्ण पैसे भरलेल्या फोनमध्ये परत शिरणं हा त्या हक्काचा भाग नाही तर काय आहे?

तोवर तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, पाच मिनिटं काढा. तुमच्यासाठी नको, तुमच्या आईसाठी. तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कुठलं गूगल खातं आहे ते बघा. बहुतेक तो पत्ता तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल. त्याचा पासवर्ड बदला, चालू नंबर जोडा, तुमचा ईमेल रिकव्हरीला द्या, आणि पत्ता नि पासवर्ड बिलाच्या मागे पेनाने लिहून ते बिल रेशनकार्डात ठेवा. तज्ज्ञ लोक पासवर्ड कागदावर लिहू नका म्हणतात. त्यांच्या आयांचे फोन आमच्याकडे येत नसावेत. पासवर्ड बदलल्यावर निदान एक दिवस फोन रिसेट करू नका; नवा पासवर्ड तिथे लगेच चालत नाही. जुना फोन घेत असाल तर *#०६# लावून आयएमईआय बघा, केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर पाठवा, आणि विकणाऱ्याला तुमच्या समोर सेटिंग्जमधून, त्याचा पिन टाकून रिसेट करायला सांगा. 'आधीच करून ठेवलाय' म्हणाला तर तिथेच चालू करून बघा, पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत, वायफाय लावून. विकत असाल तर आधी खातं काढा.

कंपन्यांनी मात्र एवढंच करावं. प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या काचेवर, 'स्क्रीन गार्डवर २० टक्के सूट' लिहिलंय त्याच्या खाली, मराठीत एक ओळ लावावी: बिल आणि ओळखपत्र आणा, लॉक काढून मिळेल, दर अमुक रुपये. ती छापायला किती खर्च येतो ते मला विचारा, आमच्या शेजारीच फ्लेक्सचं दुकान आहे.